उतारा म्हणतो काय?

या खेपेला आलेल्या पत्रांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं. इंग्रजी उतारा वाचून होतो, शब्दही बरेचसे कळतात, पण ‘मेन आयडिया’ सांगा म्हटलं की गाडी रुतते. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. ज्यांनी काळ आणि प्रयोगांबद्दल विचारलंय त्यांनी महिनाभर कळ काढावी. मी इंग्रजी शिकवण्यात तीस वर्षं घालवली. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं नेमका हाच प्रश्न मी फळ्यावर चक्क चुकीचा शिकवला, हे आधीच कबूल करते. त्यातला एक किस्सा शेवटच्या पत्राच्या उत्तरात येईल.

उदाहरणांचे उतारे मीच बेतले आहेत. ते इथे मराठीत सांगते. इंग्रजीतले जे शब्द खुणेचे आहेत तेवढे तसेच ठेवते.

प्रश्न : बाई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. दीडशे शब्दांचा उतारा असतो. वाचताना सगळं कळतं. चारपैकी दोन पर्याय लगेच उडवतो, आणि उरलेल्या दोनांतला हमखास चुकीचा निवडतो. याला नशीब म्हणायचं का?

नशीब एखाद्या वेळी दगा देतं. हमखास चुकतं तेव्हा ती सवय असते, आणि तुझी सवय कोणती ते तुझ्या पत्रावरून मला साधारण कळलंय. तू उतारा कशाबद्दल आहे ते शोधतोस. प्रश्न मात्र असतो, उतारा म्हणतो काय?

फरक बारीक वाटतो, पण रोजच्या बोलण्यात तो आपण कधीच चुकवत नाही. घरी आल्यावर कुणी विचारलं, “फोनवर ताई काय म्हणत होती?” तर आपण “ताई परीक्षेबद्दल म्हणत होती” एवढ्यावर थांबत नाही. थांबलो तर समोरचा म्हणेल, “अरे, पण परीक्षेचं काय?” हा ‘त्याचं काय?’ उताऱ्यालाही विचारायचा असतो.

आता हा उतारा बघ. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुधा ज्याला पत्र मिळायचं तोच भरायचा. दर ठरायचा अंतरावर आणि कागदाच्या पानांवर, त्यामुळे साध्या माणसाला दूरचं पत्र सोडवून घेणंही जड जायचं. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये सुचवलं, की देशात कुठेही जाणाऱ्या हलक्या पत्राला एकच दर असावा, एक पेनी, आणि ती पाठवणाऱ्याने आधी भरावी. मे १८४० मध्ये ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट निघालं. त्यावर राणी व्हिक्टोरियाची छबी होती. वर्षभरात पत्रांची संख्या दुपटीच्या वर गेली.

पर्याय असे. अ : टपालसेवेचा इतिहास. आ : पेनी ब्लॅकवर राणीची छबी होती. इ : पाठवणाऱ्याने भरायच्या एकसारख्या स्वस्त दरामुळे पत्रव्यवहार सामान्यांच्या आवाक्यात आला. ई : रोलंड हिल हे ब्रिटनचे सर्वांत मोठे सुधारक होते.

आ आणि ई तू उडवशील. मग अ आणि इ यांच्यात अडकशील, आणि पैज लावते, अ घेशील. कारण अ कुठेच चुकत नाही. तो इतका ऐसपैस आहे की सगळा उतारा त्याच्या पोटात मावतो. इ मात्र ठाम बोलतो, आणि ठाम बोलणाऱ्यावर विश्वास टाकायला परीक्षेत भीती वाटते. ऐसपैस पर्यायाची परीक्षा सोपी आहे. हेच शीर्षक टपालावरच्या दुसऱ्या दहा उताऱ्यांना चालेल का? घोड्यांवरून जाणाऱ्या टपालाला, विमानाने जाणाऱ्या टपालाला? चालतंय ना, मग ते या उताऱ्याचं नव्हे.

उडवलेल्या दोघांकडेही जरा नीट बघ, कारण परीक्षेत ते इतके उघडे नसतात. आ खरा आहे, उताऱ्यात शब्दशः आहे. म्हणूनच तो फसवतो. ई कदाचित तुझं स्वतःचं मत असेल, माझंही असेल, पण उताऱ्याने ते म्हटलेलं नाही. उतारा हिलबद्दल एवढंच सांगतो, की त्यांनी सुचवलं.

मी वर्गात जाड कागदाची एक पट्टी वापरायचे, साधारण एका ओळीएवढी रुंद. उताऱ्यातलं एक वाक्य पट्टीखाली झाकायचं आणि उरलेला मोठ्याने वाचायचा. राणीच्या छबीचं वाक्य झाकलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. हिल यांची सूचना झाकली तर? आधीच्या वाक्यांतली अडचण तशीच राहते आणि शेवटी पत्रं दुपटीवर जातात, का ते कळत नाही. मधलं काहीतरी निखळलंय, हे कानालाच कळतं. ज्या वाक्याविना बाकीची वाक्यं एकमेकांना ओळखेनाशी होतात, त्याच्या आसपास तुझं उत्तर असतं. पट्टी परीक्षेत नेता येत नाही, बोट नेता येतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत कामाची वाटते. पर्यायांकडे बघण्याआधी उतारा काय म्हणतो ते मनात मराठीत म्हण, पण पूर्ण वाक्यात. वाक्यात क्रियापद हवं. ‘ब्रिटनचं टपाल’, ‘पेनी ब्लॅकचा जन्म’, ‘टपालातली सुधारणा’ ही सगळी नावं झाली. नावाला कुणी ‘खरं’ किंवा ‘खोटं’ म्हणू शकत नाही. ‘दर स्वस्त आणि एकसारखा झाल्यावर लोक पत्रं लिहू लागले’ याला म्हणू शकतं. तुझ्या वाक्याशी कुणी भांडू शकत असेल तर तू वाटेवर आहेस असं समज.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. शिकवणीत तिला सांगितलंय, पहिलं आणि शेवटचं वाक्य वाच, मधलं सोड, मुख्य कल्पना मिळते. मला हे पटत नाही, पण माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे वाद घालता येत नाही. तुम्ही काय म्हणता?

वाद घाला. तुमच्या बाजूने मी आहे.

हा नियम आला कुठून ते आधी सांगते. अलेक्झांडर बेन नावाचे स्कॉटिश विचारवंत होते. त्यांनी १८६६ मध्ये लेखनावरच्या आपल्या पुस्तकात परिच्छेदाचे काही नियम मांडले. त्यांतला एक असा, की परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने विषय ठळकपणे दाखवावा अशी अपेक्षा असते. पण त्यांनी त्यातच एक अट घातली होती : पहिलं वाक्य उघडउघड केवळ पूर्वतयारीचं असेल तर गोष्ट वेगळी. नियम दीडशे वर्षं चालत वर्गावर्गांत पोचला, अट वाटेत कुठेतरी गळून पडली. शिवाय बेन सांगत होते ते लिहिणाऱ्यांना. आपण ते वाचणाऱ्यांच्या गळ्यात बांधलं.

लिहिणारे तरी तसं लिहितात का? रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकन प्राध्यापकांनी व्यावसायिक लेखकांचे मासिकांतले निबंध घेऊन परिच्छेद न् परिच्छेद तपासला. १९७४ मध्ये त्यांचा लेख छापून आला. मुख्य वाक्याने सुरू होणारे परिच्छेद निघाले शेकडा १३ च्या आसपास. परीक्षेसाठी कापूनबेतून घेतलेल्या उताऱ्यांत हे प्रमाण जास्त असणार, एवढं शिकवणीवाल्यांच्या बाजूने मान्य करायला हवं. पण ‘मधलं सोड’ म्हणण्याइतकं नाही.

आता मुलीला हा उतारा द्या. पहिलं वाक्य : ‘मेनी पीपल बिलीव्ह दॅट बॅट्स आर ब्लाइंड.’ पुढे असं, की ‘इन फॅक्ट’ वटवाघळांना दिसतं. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचे डोळे चांगले टपोरे असतात, आणि ती नजरेने व वासाने फळ शोधतात. छोटी वटवाघळं अंधारात आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंदाज घेतात, पण ती डोळ्यांच्या जोडीला मिळालेली जास्तीची शक्ती आहे. उतारा संपला. नियम पाळणारी मुलगी पहिलं वाक्य उचलून लिहिणार, वटवाघळं आंधळी असतात. म्हणजे लेखकाने जे खोडण्यासाठी मांडलं, तेच त्याच्या तोंडी घालणार.

हे टाळायला तिला इंग्रजीपेक्षा मराठी कामाला येईल. आपल्याकडे ‘म्हणे’ आहे ना! “वटवाघळं म्हणे आंधळी असतात.” हे ऐकलं की आपल्याला लगेच कळतं, बोलणाऱ्याचा यावर विश्वास नाही, आता पुढे काहीतरी येणार. इंग्रजीत ‘मेनी पीपल बिलीव्ह’, ‘इट इज ऑफन सेड’, ‘वुई टेंड टु थिंक’ हे त्या ‘म्हणे’चं काम करतात. तिला सांगा, असं वाक्य दिसलं की शेजारी पेन्सिलीने ‘म्हणे’ लिही आणि पुढे ‘बट’, ‘यट’, ‘हाउएव्हर’, ‘इन फॅक्ट’ यांतलं कोण येतंय ते बघ. वळण तिथे असतं.

‘ऑल्दो’चं मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि त्यात आपली मुलं खास फसतात. मराठीत ‘जरी’ आधी येतो आणि ‘तरी’ नंतर. वजन ‘तरी’च्या भागात असतं, आणि तो बहुतेक वेळा शेवटी असतो. म्हणून आपला कान शेवटच्या भागाला वजन द्यायला सरावलेला आहे. इंग्रजीत क्रम उलटाही चालतो : ‘द प्लॅन वर्क्ड, ऑल्दो इट वॉज स्लो.’ यात वजन कशावर? योजना यशस्वी झाली यावर. मुलं मात्र शेवटी ऐकलेलं ‘स्लो’ धरून बसतात आणि लिहितात, योजना मंद होती. माझा उपाय साधा होता. ‘ऑल्दो’ दिसलं की त्याच्यापासून सुरू होणारा तुकडा कंसात टाकायचा, तो वाक्यात कुठेही असो, आणि कंसाबाहेर काय उरतं ते वाचायचं.

‘फॉर एक्झाम्पल’ त्याहून सोपं. तो शब्द आला की मुद्दा आत्ताच होऊन गेला. एक वाक्य वर जायचं.

आणि तिला पूर्ण उतारा वाचू द्या. शंभर-सव्वाशे शब्द वगळून वाचवणार ते किती? अर्धं मिनिट.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय सहासष्ट. आता हौसेने इंग्रजी वाचतो. शब्दकोश मांडीवर घेऊन बसतो आणि प्रत्येक अनोळखी शब्द काढतो. उतारा संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. सार म्हणून काहीच हाती लागत नाही. वयाचा परिणाम असेल का?

वयाला उगाच बदनाम करू नका. सोळा वर्षांच्या मुलांचंही हेच होतं. चार शब्दांमागे एकदा शब्दकोशात उतरलं की वाक्याचा धागा हातातून सुटतो. परत येऊन तो पकडण्यातच सगळी शक्ती जाते.

एक उतारा एकत्र वाचू. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. दोन हृदयं कल्ल्यांतून रक्त ढकलतात, तिसरं उरलेल्या शरीराला पुरवतं. रक्त निळसर असतं, कारण त्यात ‘अ कॉपर-बेस्ड प्रोटीन कॉल्ड हीमोसायनिन’ असतं. पोहताना तिसरं हृदय थांबतं. ‘दॅट इज व्हाय’ ऑक्टोपस पोहून लवकर दमतो आणि शक्यतो तळाशी सरपटत जाणं पसंत करतो.

तुम्ही ‘हीमोसायनिन’ काढायला शब्दकोश उघडणार, हे मला दिसतंय. नका उघडू. त्याच्या आधीचा ‘कॉल्ड’ हा शब्द सांगतोय की हे एक नाव आहे, आणि त्याच्याही आधी त्याचा अर्थ देऊन टाकलाय, तांबं असलेलं प्रथिन. नाव विसरलात तरी काही बिघडत नाही. ‘गिल्स’ म्हणजे कल्ले माहीत नसेल तर ‘शरीराचा एखादा भाग’ एवढं धरून पुढे चला. पण ‘क्रॉल’ म्हणजे सरपटणं अडलं तर जरूर काढा, कारण तो ‘दॅट इज व्हाय’च्या वाक्यात बसलाय. माझा हिशेब असा : पहिल्या वाचनात शब्दकोश बंद. दुसऱ्या वाचनात दोनच प्रकारचे शब्द काढायचे, पुन्हा पुन्हा येणारे आणि वळणाच्या वाक्यातले. बाकीचे उतारा संपल्यावर, चवीने.

आता या उताऱ्याचं सार काय? दहापैकी आठ जण मला लिहून द्यायचे, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. साहजिकच आहे, वाचून माणूस चकित होतो. पण उतारा त्या चकित होण्यापाशी थांबत नाही. तो चालत चालत ‘दॅट इज व्हाय’पाशी येतो. हृदयाची रचनाच अशी आहे की त्याला पोहणं झेपत नाही, हे त्याचं म्हणणं. निळं रक्त मजेदार खरं, पण पट्टीखाली झाका, काही अडत नाही. जे सर्वांत लक्षात राहतं तेच सर्वांत महत्त्वाचं, असं मन परस्पर ठरवून टाकतं. तेवढं सांभाळा.

उलट बाजूही सांगते, म्हणजे शब्दांचा बाऊ कमी होईल. सगळे शब्द येत असूनही उतारा अंगावरून जाऊ शकतो. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शा जॉन्सन यांनी १९७२ मध्ये एक प्रयोग छापला. उतारा अगदी साध्या शब्दांत होता : पद्धत सोपी आहे, आधी वस्तूंचे गट करा, किती आहे त्यावर एक गटही पुरेल, एका वेळी फार करू नका, असं काहीसं. शब्द एकही अवघड नाही. तरी ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागेना. ज्यांना आधी सांगितलं होतं की हे कपडे धुण्याबद्दल आहे, त्यांना जवळपास दुप्पट आठवलं. आणि गंमत म्हणजे ज्यांना उतारा संपल्यावर हे सांगितलं, त्यांना काही उपयोग झाला नाही.

म्हणून शीर्षक असेल तर ते आधी सावकाश वाचा, लोक ते सोडून देतात. नसेल तर दोन वाक्यांनंतर थांबून स्वतःला विचारा, हे कशाचं चाललंय? चुकीचा का होईना, अंदाज बांधा. पुढे बदलता येतो. रिकाम्या खुंटीपेक्षा वाकडी खुंटी बरी, काहीतरी टांगता येतं. तुमच्याकडे तर सहासष्ट वर्षांच्या खुंट्या आहेत. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तेव्हा सुरुवातीला ज्या विषयात तुमचा हात मुरलाय त्यावरचे उतारे घ्या. नोकरी कशात होती ते तुम्ही कळवलं नाही, नाहीतर मीच दोन सुचवले असते.

प्रश्न : काही उताऱ्यांत मुख्य वाक्य सापडतच नाही. मी प्रत्येक वाक्याखाली रेघ मारून पाहते, कुठलंच बसत नाही.

बसत नाही कारण ते छापलेलंच नसतं. गोष्टीवजा उताऱ्यांत असं फार होतं. समजा असा उतारा आहे. तिने दोन गजर लावले. बॅग रात्रीच भरून दाराशी ठेवली, मग उघडून पुन्हा पाहिली. आरशासमोर उभी राहून तिने स्वतःचं नाव तीनदा म्हणून पाहिलं, दर वेळी जरा वेगळ्या आवाजात. दिवा मालवला तेव्हा पहिला गजर वाजायला चारच तास उरले होते.

यात ‘शी वॉज नर्व्हस’ असं कुठेही नाही. तरी दुसरं काही असूच शकत नाही. उद्या तिला कुठेतरी नव्याने उभं राहायचंय आणि तिला धास्ती वाटतेय. प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचार, हे इथे का आणलं? गजर दोन का? नाव तीनदा का? सगळ्यांची उत्तरं जिथे एकत्र येतात ते तुझं वाक्य. ‘ती व्यवस्थित मुलगी आहे’ हे गजराला आणि बॅगेला चालेल, पण आरशाला चालणार नाही. एकही तपशील बाहेर उभा राहिला तर वाक्य बदल.

हे जमायला वेळ लागतो. ॲन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ मध्ये सारांश लिहिणाऱ्यांचा अभ्यास मांडला. लहान मुलं उताऱ्यातली काही वाक्यं गाळून बाकीची जशीच्या तशी उतरवतात. न छापलेलं वाक्य स्वतः रचणं सर्वांत उशिरा येतं. तू रेघा मारणं सोडलंस की अर्धं काम झालं.

प्रश्न : आधी प्रश्न वाचावेत की आधी उतारा?

प्रश्नावर नजर टाकावी, पर्यायांवर नको. चार पर्याय आधी वाचले की त्यांतला एखादा डोक्यात घर करतो आणि मग उताऱ्यात माणूस त्यालाच शोधत फिरतो.

प्रश्न : मुलाने मुख्य कल्पना स्वतःच्या शब्दांत लिहिली. गाइडमध्ये वेगळं उत्तर होतं म्हणून शून्य मिळालं. मला मुलाचं उत्तर जास्त बरोबर वाटतं. मुख्य कल्पना एकच असते का? की ज्याची त्याची?

ज्याची त्याची नसते. पण गाइडची मालकीही नसते. तीन-चार तऱ्हेने शब्द फिरवलेली वाक्यं सगळीच बरोबर असू शकतात, अट एवढीच की उताऱ्यातली बहुतेक वाक्यं त्यांच्या बाजूने साक्ष देतील. साक्षी मोजता येतात. मुलाला बसवा, उताऱ्यातली वाक्यं मोजा. किती वाक्यं त्याच्या उत्तराला टेकू देतात, किती गाइडच्या? ते आकडे घेऊन शिक्षकांकडे जा. ‘माझ्या मुलाचं बरोबर आहे’ म्हणत गेलात तर भांडण होईल, वाक्यं मोजून दाखवलीत तर बोलणं होईल.

हे मी अनुभवाने सांगतेय, आणि अनुभव टेबलाच्या पलीकडचा आहे. सात वाक्यांचा उतारा होता, दीपगृहाच्या म्हाताऱ्या राखणदाराचा. दुसऱ्या वाक्यात दिवा आपोआप लागणारा होतो आणि त्याचं काम संपतं. गाइडमधलं उत्तर : यंत्रांमुळे माणसांची कामं जातात. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘काम गेलं तरी माणूस कामावर जात राहतो.’ इंग्रजी मोडकंतोडकं होतं, काळ चुकला होता. मी लाल पेनाने काट मारली आणि वर ‘उतारा नीट वाच’ असा शेराही लिहिला.

दोन वर्षांनी तोच उतारा दुसऱ्या वर्गात मोठ्याने वाचत होते. ‘एव्हरी इव्हनिंग ॲट सिक्स, ही स्टिल क्लाइम्स द स्टेअर्स.’ त्या ‘स्टिल’वर माझी जीभ अडखळली. पुढची वाक्यं वाचली : तो काच पुसतो, वाऱ्याची दिशा वहीत टिपतो, दिवा लागेपर्यंत थांबतो, मग खाली उतरतो. मी वर्गातच मोजलं. यंत्राबद्दल एक वाक्य, जिना चढण्यापासून उतरण्यापर्यंत पाच. यंत्रांवर लिहायचं असतं तर लेखकाने त्याला रोज संध्याकाळी वर कशाला चढवलं असतं? उतारा मीच नीट वाचला नव्हता. मी गाइड वाचलं होतं.

तो मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता. गाइडच्या माझ्या प्रतीत ते छापील उत्तर खोडलेलं आहे आणि शेजारी त्याचं वाक्य लिहिलेलं आहे, त्याच्या चुकलेल्या काळासकट. त्याचे दोन गुण द्यायचे राहिले ते राहिलेच.

तुमच्या पत्रासोबत उतारा नव्हता, त्यामुळे तुमच्या मुलाचं उत्तर बरोबर की चूक ते मी इथून सांगू शकत नाही. पाठवा. मुलाचं वाक्यही पाठवा, पण त्याने लिहिलंय तसंच. तुम्ही सुधारून दिलेलं नको.